कारणाचा रकाना

केशवराव भालकीकर सर. नाव आधीच सांगून टाकतो. आईवडील सोडले तर माझं जे काही बरं झालं ते या माणसामुळे झालं, आणि असं नाव शेवटापर्यंत दाबून ठेवणं मला जमत नाही.

हैदराबादेत अंबरपेठेच्या ज्या गल्लीत सर राहतात, तिथे रोज सकाळी सात वाजता हजेरी होते. शाळेची नाही, गल्लीची. सर पहिल्या मजल्याच्या गॅलरीत उभे राहतात. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, हातात लांबट हजेरीपट. घसा साफ करून ते मोठ्यानं नाव पुकारतात. खाली दूधवाला मल्लेश सायकलची घंटी वाजवतो, झाडणारी लक्ष्मम्मा खराटा वर करते, स्टेशनरीच्या दुकानाचं शटर उघडणारे खानसाहेब मागे न बघता "हाजिर" म्हणतात. सर प्रत्येकापुढे 'ह' लिहितात. नाव पुकारूनही आवाज आला नाही तर 'गै' लिहितात, आणि त्यापुढे असतो कारणाचा रकाना.

पटावर चोवीस नावं होती. पहिला नंबर नळाच्या पाण्याचा. ते एक दिवसाआड यायचं, म्हणून महिनाअखेर त्याच्यापुढे शेरा पडायचा: 'गुणी, पण अनियमित.' बाविसावा नंबर एका पांढऱ्या मांजरीचा होता. ती स्वतःच्या नावाला मान वळवायची. सरांच्या मते गल्लीत तिच्याइतकं नियमित कोणीच नव्हतं. इस्त्रीवाला यादगिरी मॉनिटर. त्याची गाडी बरोबर गॅलरीखाली, त्यामुळे निवड बिनविरोध झालेली.

सर चौतीस वर्षं एका मराठी शाळेत गणित शिकवत होते. मुलं कमी होत गेली आणि ते निवृत्त झाल्यावर काही वर्षांत मराठीचे वर्गच बंद झाले. कपाटं रिकामी करताना कोऱ्या हजेरीपटांचा गठ्ठा रद्दीत निघाला, हे कळल्याबरोबर सर ऑटो घेऊन गेले आणि तो गठ्ठा मांडीवर ठेवून घेऊन आले. एकूण अडतीस पट. काकू आधीच गेलेल्या, मूलबाळ नाही. दोन खोल्यांच्या घरात अडतीस कोरे वर्ग. सर म्हणाले, कोरा पट घरात ठेवणं बरं नव्हे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी गल्लीची नावं घातली.

गैरहजर राहणं सोपं नव्हतं. तुम्ही एक दिवस दिसला नाहीत तर संध्याकाळी सर छत्री घेऊन तुमच्या दारात. बसायचे नाहीत, चहा घ्यायचे नाहीत. फक्त विचारायचे, "कारण?" आणि थांबायचे. आणि कारण तोंडी चालत नसे. ज्याचं त्यानं स्वतःच्या हातानं लिहून द्यायचं, भाषा कुठलीही चालेल. मल्लेशनं तेलुगूत लिहून दिलं होतं की मेहुण्याच्या लग्नाला गेलो होतो. खानसाहेबांनी उर्दूत असा सुंदर अर्ज लिहिला होता की सरांनी तो वाचून मंजूर तर केलाच, वर अक्षराला दहापैकी नऊ दिले. एक गुण का कापला, याचा खानसाहेब आजही विचार करतात. लक्ष्मम्मा अंगठेबहाद्दर. तिचा अर्ज सर स्वतः लिहायचे, तिच्यासमोर मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि मग स्वतःच गंभीरपणे मंजूर करायचे.

लोक कुरकुरायचे. पण मल्लेशला ताप आला तेव्हा औषध घेऊन कोण गेलं होतं, हेही लोकांना माहीत होतं. सात वाजता गॅलरीत सर आले नाहीत तर दिवस सुरू झाल्यासारखं वाटत नाही, असं खानसाहेब एकदा म्हणाले. सरांसमोर अर्थातच नाही.

मी चोविसावा. कुंडलवाडीहून आलो होतो. वडील पिठाच्या गिरणीत कामाला, घरात कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. मी संख्याशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो तेव्हा वडिलांनी पदवीचा कागद गिरणीत नेऊन सगळ्यांना दाखवला. तो घरी परत आला तेव्हा त्याच्या कोपऱ्यांना पीठ लागलेलं होतं. मला हैदराबादेत एका कंपनीत सहा महिन्यांच्या बोलीवर नोकरी मिळाली आणि सरांनी गच्चीवरची खोली दिली. पहिल्याच सकाळी माझं नाव पुकारलं गेलं. मी गच्चीवर दात घासत होतो. तोंडात फेस असताना मी जे बोललो ते सरांनी 'ह' म्हणून धरलं.

एकदा वडील मला भेटायला दोन दिवस आले. सरांनी त्यांना तात्पुरता पंचविसावा नंबर दिला. वडील लहानपणी जेमतेम दुसरीपर्यंत गेलेले. सकाळी खालून आवाज आला, "पंचवीस." वडील बाजेवर चहा पीत बसले होते. ते एकदम उठून उभे राहिले, बशी बाजूला ठेवली, टोपी सारखी केली आणि गच्चीच्या कठड्याशी जाऊन इतक्या जोरात "हजर" म्हणाले की समोरच्या तारेवरची कबुतरं उडाली. जाताना सरांनी त्यांना शाळा सोडल्याचा दाखला लिहून दिला. वर्तणूक: उत्तम. तो कागद आमच्या घरी माझ्या पदवीशेजारी लावलेला आहे.

आता माझ्या नोकरीविषयी सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिथेच आहे.

अमेरिकेत लोक बेसबॉलचे वेडे असतात. हंगाम सुरू होण्याआधी मित्रमित्र जमून खऱ्या खेळाडूंमधून आपापले काल्पनिक संघ निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. मग वर्षभर त्या खेळाडूंनी मैदानात जे केलं त्याचे गुण निवडणाऱ्याला मिळतात. कोणाला घ्यावं आणि कोणाला सोडावं, हे ठरवण्यासाठी ही मंडळी अहवाल वाचतात. ते अहवाल आमची कंपनी तयार करते. म्हणजे तिकडच्या माणसानं कोणावर भरवसा ठेवावा हे हैदराबादेत बसून आम्ही सांगायचं. सहा महिने संपत आले तेव्हा आमच्या प्रमुख माधवी मॅडमनी मला एक संघ दिला. त्याच्या तेरा फलंदाजांचं मूल्यमापन कर. यावरच तुझं कायम होणं अवलंबून आहे, असं त्यांनी सरळ सांगितलं. मला ते आवडलं. गोड बोलून नंतर काढून टाकण्यापेक्षा हे बरं.

मी आयुष्यात बेसबॉलची बॅट हातात धरलेली नव्हती. तेरा जणांची नावं माझ्या जिभेवर येईनात, म्हणून मी त्यांना हजेरी क्रमांक दिले. सरांच्या घरात राहिल्याचा परिणाम. आकडे मात्र मला कळत होते. वर्षात एकशे बासष्ट सामने. कोण किती खेळला, किती वेळा मारलं, किती वेळा चुकून परत गेला, सगळं मांडलं. आणि आकडे मांडताना मी एक नियम लावला. ज्याची हजेरी पंचाहत्तर टक्क्यांहून कमी, तो अपात्र.

आपल्याकडे कॉलेजात हा नियम असतो. हजेरी कमी तर परीक्षेला बसू देत नाहीत. मला तो देवाघरून आल्यासारखा वाटायचा. तेरापैकी चार जण त्यात अडकले आणि मी त्यांची नावं खाली एका ओळीत, अपात्र म्हणून लिहून मोकळा झालो. शुक्रवारी अहवाल दिला.

मॅडमनी तो वाचला आणि मला बोलावलं. सातव्या क्रमांकाकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, हा कोण आहे ठाऊक आहे का? मी म्हणालो, अपात्र. मॅडमनी अहवाल माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या की या संघाचा अहवाल लोक ज्या एका माणसासाठी उघडतात तो हाच, आणि अमेरिकेत हजेरी कमी म्हणून हॉलतिकीट अडवणारा प्राचार्य नसतो. आजूबाजूचे हसले. मॅडम हसल्या नाहीत. सोमवारी दुपारपर्यंत नीट करून आण, नाही तर मला तुझं नाव पुढे पाठवता येणार नाही, एवढंच म्हणाल्या.

बसमध्ये मी एकाच गोष्टीचा विचार करत होतो. गिरणीत वडिलांना लोक विचारतील की पोरगा परत कसा आला, आणि वडील काय सांगतील.

शनिवारी सकाळी हजेरीला मी आवाज दिला, पण तो माझा मलाच ऐकू आला नाही. सर पट मिटून थेट वर आले. मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्यांनी माझा तक्ता मागितला, चष्मा पुसला आणि मांडीवर ठेवून वाचायला लागले.

"पंचाहत्तर टक्के कोणी सांगितलं?"

"नियमच आहे, सर. तुम्ही तर रोज हजेरी घेता."

"हौ, घेतो. चौतीस वर्षं घेतली. मी कोणाला बसू दिलं नाही, एक नाव सांग."

मला एकही नाव माहीत नव्हतं, आणि सरांच्या चेहऱ्यावरून कळलं की तसं नाव नसावंच. त्यांनी तक्त्यावर बोट फिरवलं. जिथे मी सामने मोजले होते तिथून पुढे कागद कोरा होता.

"कारणाचा रकाना कुठाय?" ते म्हणाले. "गैरहजेरी हा प्रश्न असतो, बाबू. तू त्यालाच उत्तर समजलास."

मग आम्ही दोघं बसलो. यादगिरी मध्येच चहा देऊन जायचा. सरांनी एक कोरा पट काढला, अडतीसपैकी एक. तेरा नावं मी वाचून दाखवली आणि त्यांनी देवनागरीत लिहिली. एकेक गैरहजर दिवस घ्यायचा आणि त्याचं कारण शोधायचं. मी तिकडच्या गावोगावच्या वर्तमानपत्रांत शोधायचो, सर लिहायचे. पटाच्या उजव्या बाजूला शेरा.

सातव्याच्या मनगटाचं हाड चेंडू लागून मोडलं होतं. साठेक सामने त्यात गेले. परत आल्यावर शेवटच्या महिन्यात त्याचं मारणं पहिल्यासारखंच होतं. शेरा: 'आजारपणाचा दाखला जोडला आहे. पूर्ण बरा.' चौथा तीन दिवस नव्हता, बायको बाळंत झाली होती. सरांनी विचारलं, मुलगा की मुलगी? मी शोधून सांगितलं, मुलगी. 'रजा मंजूर,' सरांनी लिहिलं, आणि पुढे, 'अभिनंदन.' अकराव्याला मैदानात धक्काबुक्की केल्याबद्दल दोन सामने बाहेर बसवलं होतं. शेरा: 'शिक्षा योग्य. मुलगा वाईट नाही.' तिसरा वर्षाच्या मध्येच खालच्या संघातून वर आला होता. सर म्हणाले, हा तर वर्षाच्या मधे दाखल झालेला मुलगा, याच्या आधीच्या शाळेचे गुण बघितल्याशिवाय बोलायचं नाही. आम्ही बघितले. गुण चांगले होते.

खेळ त्यांना हळूहळू कळत गेला. चार वाईट चेंडू सोडले तर न मारताही मैदानाच्या पहिल्या कोपऱ्यावर जाता येतं, हे ऐकून ते हरखून गेले. हात आवरल्याबद्दल गुण देणारा खेळ जगात आहे, याचं त्यांना रविवारभर कौतुक वाटत होतं.

नवव्यापाशी मात्र ते थांबले. हा माणूस फक्त चार दिवस गैरहजर होता. कारण मी शोधून सांगितलं: वडील वारले. पुढचे सगळे सामने तो खेळला होता, पण वर्षाची सरासरी इतकी घसरलेली की सगळीकडे त्याला यादीच्या तळाशी टाकलं होतं. मीही टाकलं होतं.

"हे चार दिवस कधीचे?"

मी सांगितलं, जूनच्या सुरुवातीचे.

"जून, जुलै वेगळे काढ. पुढचं मागचं वेगळं."

मी काढले. ते दोन महिने सोडले तर नववा त्या संघातला दुसऱ्या क्रमांकाचा फलंदाज होता. आधीही आणि नंतरही. मी आकडे परत लावून बघितले, तेच आले. सरांना काहीच नवल वाटलं नाही.

"चार दिवसांनी पोरगं बाकावर येऊन बसतं," ते म्हणाले. "आपण 'ह' लिहितो. पण ते आलेलं नसतं. दोन महिने लागतात यायला. तेवढे दिवस त्याला प्रश्न विचारायचे नसतात."

मग त्यांनी शेरा लिहिला, आणि पट मिटून तिथेच ठेवून खाली निघून गेले. मी उघडून बघितलं. लिहिलं होतं: 'याला सोडू नये.'

सोमवारी मॅडमनी अहवाल वाचला. नवव्याचं पान परत वाचलं. मग मला विचारलं की हे कुठून काढलंस, असं कोणीच लिहिलेलं नाही. मी म्हणालो, एका वर्गशिक्षकांनी सांगितलं. मॅडमना वाटलं मी नम्रपणे काहीतरी लपवतोय. शुक्रवारी कायम झाल्याचं पत्र हातात आलं. वडिलांना फोन केला तर गिरणीच्या आवाजात त्यांना काही ऐकू जाईना. मग त्यांनी गिरणी थांबवली. सहा महिने छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं आणि मला भूक लागली. त्या दिवशी मी दोनदा जेवलो.

कायम झालो आणि माझी पाळी बदलली. ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, अंबरपेठेहून जाऊन येऊन तीन तास. मार्चमध्ये मी ऑफिसजवळ दोघा सहकाऱ्यांबरोबर खोली घेतली. सर म्हणाले, जा, बरोबरच आहे. दर रविवारी सातला येतो म्हणून मी सांगितलं. पहिला रविवार हंगामाच्या तयारीत गेला, दुसरा झोपेत. मग रविवार मोजणं सोडून दिलं. एक गोष्ट मनात टोचायची. गल्लीत कोणीही एक दिवस दिसला नाही तर छत्री घेऊन निघणारे सर माझ्याकडे कारण विचारायला आले नाहीत, फोनही केला नाही. मला वाटलं, नाव कमी केलं असेल. बरेच दिवस न कळवता गैरहजर राहिलं की पटावरून नाव कमी करतात, हा शाळेचा जुना नियम आहे.

मे महिन्यात एका कागदासाठी जुन्या पत्त्यावर जावं लागलं. दुपारचे बारा वाजले होते. यादगिरीनं मला बघितलं आणि इस्त्री बाजूला ठेवली. सर झोपलेत, म्हणाला. सिकंदराबादेत त्यांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, दहा दिवसांपूर्वी. बरोबर यादगिरीच गेला होता. डॉक्टरांनी काही दिवस लिहायला-वाचायला मनाई केली होती. त्यामुळे सर काळा चष्मा लावून गॅलरीत खुर्चीवर बसायचे, नावं पाठ असल्यामुळे तोंडानं पुकारायचे आणि खाली मॉनिटर लिहायचा. गाडीच्या कपाटात घडीच्या कपड्यांवर पट ठेवलेला होता.

मी चोविसावी ओळ बघितली. नाव तसंच होतं. मार्चपासून रोज सरांच्या अक्षरात 'गै', आणि दर दिवशी कारणाच्या रकान्यात बारीक अक्षरात तीन शब्द: नोकरीत कायम झाला. रोज. एकही रकाना रिकामा नाही. शेवटचे दहा दिवस यादगिरीच्या तेलुगू अक्षरात होते. हे काय लिहिलंय, मी विचारलं. तेच, म्हणाला.

मग तो थोडा चिडल्यासारखा बोलला. "मैं बोला सर को, कागज नै तो कारण नै, तुमारा ही कायदा है. चुपचाप इस्त्री कर, बोले."

वर गेलो. सर काळ्या चष्म्यासकट झोपले होते. उशाशी डोळ्यांच्या थेंबांची बाटली, आणि थेंब कधी घालायचे त्याचा तक्ता भिंतीवर. त्यातही 'ह' आणि 'गै'. मी उठवलं नाही. थोडा वेळ बसलो, पंख्याची दिशा नीट केली आणि निघालो. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून खोलीवर आल्यावर हे पत्र लिहिलं आणि पोस्टात टाकलं.

प्रति,
माननीय वर्गशिक्षक,
श्री. केशवराव भालकीकर सर,
अंबरपेठ, हैदराबाद.

विषय: गैरहजेरीचे कारण कळवण्याबाबत.

महोदय,

अर्ज करतो की मी हजेरी क्रमांक चोवीस, मार्च महिन्यापासून आजपर्यंत गैरहजर आहे. आपल्या नियमाप्रमाणे कारण ज्याचे त्याने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचे असते. मी ते दिले नाही आणि आपण माझ्या वतीने रोज लिहिलेत. ते कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. नोकरीत कायम झालेला माणूस रविवारी मोकळा असतो. खरे कारण असे की मी आळस केला, आणि नंतर लाज वाटली म्हणून आणखी आळस केला. तरी माझी रजा मंजूर करू नये. गैरहजेरी तशीच राहू द्यावी.

दुसरे असे की आपणही दहा दिवस लेखनाला गैरहजर होतात आणि आपले कारण विचारायला मी आलो नाही. तो दोष माझा.

पुढच्या बुधवारी डॉक्टरांकडे तपासणी आहे असे मॉनिटरकडून कळले. त्या दिवशीच्या रजेचा अर्ज मी आज ऑफिसात दिला. कारण विचारले गेले. वर्गशिक्षकांचा डोळा, असे लिहिले. माधवी मॅडमनी मंजूर केली. सकाळी सातला येतो. हजेरी झाल्यावर निघू. यादगिरीने त्या दिवशी गाडी बंद ठेवू नये.

अक्षर मुद्दाम मोठे काढले आहे. तरी डॉक्टरांची परवानगी नसेल तर हे पत्र तसेच ठेवावे. मी आलो की वाचून दाखवीन.

तिसरे असे की हंगाम सुरू होऊन दोन महिने होत आले. नववा रोज खेळतो आहे, आणि आता तो खरोखरच आलेला आहे.

आपला आज्ञाधारक,
क्रमांक चोवीस